कागद तुटल्यावर

वह्या मिटा. आज फळ्यावर काही लिहिणार नाही.
बाहेर उणे बावीस आहे, या खोलीत एकवीस.
दोहोंमधे एक भिंत, आणि दाराशी ती पांढरी डबी,
जिच्याकडे आत येताना तुमच्यातल्या एकानेही पाहिलं नाही.
हाच आपला विषय, मुलांनो:
नीट चाललं तर कुणाच्या लक्षात न येणारं काम.

इल्मो, शॉवरखाली तू नळ फिरवतोस. पाणी गार.
आणखी फिरवतोस. गारच.
आणखी,
आणि मग ओरडत बाहेर उडी.
नळ खोटा नव्हता. ऊन पाणी पाइपातून चालत येत होतं,
तुला तेवढा दम नव्हता.

मलाही नव्हता.
कोस्किमाकीच्या गिरणीत, चार नंबरच्या मशीनवर,
मी सुकवणीच्या टोकाला होते.
एकोणपन्नास सिलिंडर, पोटात वाफ भरलेले,
त्यांच्या अंगावरून कागद धावायचा
आणि शेवटी सेन्सर सांगायचा: ओलावा साडेसहा.
हवा सात.
हवं ते उणे आहे ते.
एवढ्या वजाबाकीवर अख्खी गिरणी चालायची.

वेइक्को लुओमा आकडा बघायचा नाही.
गुंडाळीला पंजाची पाठ लावायचा आणि म्हणायचा,
'वाफ कमी केलीस ना? आता हात खिशात.'
हात खिशात राहतात होय!
लोखंड जड, निवायला त्याला वेळ लागतो,
आणि माझी प्रत्येक दुरुस्ती वरातीमागून घोडं.
आकडा वर, आकडा खाली, रात्रभर हेलकावे,
पहाटे पाचला कागद फाटला
आणि वेइक्कोने मला न बोलता झाडू दिला.

मग करडी पेटी आली, तीन स्क्रूंची.
पहिला बघतो, आत्ता किती चुकलंय.
दुसरा काहीच विसरत नाही, प्रत्येक क्षणाची चूक
वाण्याच्या वहीसारखी मांडून ठेवतो.
तिसऱ्याला पुढचं दिसतं म्हणे,
पण सेन्सर जरा खरखरला की तो दचकायचा,
म्हणून आम्ही त्याला शून्यावर झोपवलं.

'दुसरा कशाला हवा?' चांगलं विचारलंस, तैमी.
तो नसेल तर कागद कायम थोडासा चुकलेला राहतो,
आणि माणसांना त्या थोड्याची सवय होते.

पण ऐका. कागद तुटला,
सेन्सरखाली आता काहीच नाही.
सेन्सर म्हणतो, ओलावा शून्य.
पेटीला कागद गेल्याचं कळत नाही,
तिला वाटतं, फार सुकला.
सात कमी, सात कमी, सात कमी,
ती मांडत जाते. वाफेची झडप मिटते,
मिटायला काही उरत नाही, तरी मांडत जाते.
अर्ध्या तासाने कागद पुन्हा ओवला
तेव्हा सिलिंडर गार पडलेले,
आणि वहीतली बाकी फिटेपर्यंत
मैलभर कागद ओलाच आला.

वेइक्को मार्चमध्ये गेला.
आम्ही एका घरात राहायचो, हे सांगायचं राहिलं.
सौना त्याला ऐंशी अंश लागायचा, मला सत्तर पुरे.
पुढे कितीतरी शनिवार मी चूल पेटवली,
ऐंशीवर नेली,
आणि बाहेर पायरीवर बसून राहिले, बूट घालून.

नाहोम, तुझा हात वर आहे.
'मग यावर उपाय काय?'
उपाय एका ओळीचा आहे:
कागद नसेल तेव्हा मोजणी थांबव.
गिरणीत ती ओळ आम्ही तिसऱ्या वर्षी लिहिली.

चला, खाली प्रयोगशाळेत टाकी आहे, पंप आहे,
गळका व्हॉल्व्हही आहे, तो मुद्दाम ठेवलाय.
कशालाही हात लावण्याआधी
ऑटोवरून मॅन्युअलवर नेणारं बटण कुठे आहे
ते शोधून मला दाखवा.
आणि जाताना कुणीतरी त्या पांढऱ्या डबीकडे बघा.